न परतलेली पत्रं कुठे मोजायची?

महिनाभर इथे काही लिहिलं नाही, कारण प्रोग्रेस सेमिनार होता आणि त्यात माझी बऱ्यापैकी फजिती झाली. ती सांगतेच, पण आधी एक पोस्टकार्ड डोळ्यांसमोर आणा.

या कार्डाला पुढची आणि मागची अशी बाजूच नाही. दोन्हीकडे पत्त्याच्या रेघा, दोन्हीकडे तिकिटाची चौकट. एका बाजूवर तुम्ही नाशिकच्या मावशीचा पत्ता लिहिलात, दुसऱ्या बाजूवर कोल्हापूरच्या मित्राचा. दोन्हीकडे तिकीट चिकटवलंत आणि कार्ड पेटीत टाकलंत. ते कुठे जाईल?

फ्रान्समधल्या नीस शहरात राहणाऱ्या बेन वोत्ये या कलाकाराने १९६५ मध्ये असं कार्ड छापलं. त्याचं नाव होतं 'पोस्टमनची निवड'. पाठवणाऱ्याने निर्णय घेतलेलाच नाही, तो टपालखात्यावर सोपवला आहे. आपण विज्ञानवाले लगेच म्हणणार, सोपं आहे, नाणेफेक, अर्धी-अर्धी शक्यता. मीही तेच म्हटलं होतं. पण जरा विचार करा. नाणं एकदाच उडतं, कार्ड मात्र टेबलावर, पिशवीत, पुन्हा टेबलावर असं अनेकदा पडतं. ते नाशिकला पोचलं आणि तिथल्या पोस्टमनकाकांनी नेमकी उलटी बाजू पाहिली, तर कोल्हापूरच्या पिशवीत जाईल. तिथून पुन्हा नाशिकला? अखेर ते कोणाच्या तरी दारात थांबेल, पण किती फेऱ्यांनंतर? एका साध्या चेष्टेत एक चांगला संभाव्यतेचा प्रश्न दडलेला आहे. जेआरएफच्या तयारीला कंटाळला असाल तर सोडवून बघा.

या प्रकारच्या उद्योगाला 'मेल आर्ट' म्हणतात, मराठीत टपालकला म्हणू. जगभरातली माणसं एकमेकांना चित्रं, चिकटचित्रं, स्वतः कोरलेले रबरी शिक्के, खोटी तिकिटं, अर्धवट वाक्यं पोस्टाने पाठवतात आणि समोरच्याने त्यात भर घालून ती पुढे ढकलायची किंवा परत करायची असते. विक्री नाही, बक्षीस नाही. माझा प्रबंध जाळ्यांवरच्या प्रसाराबद्दल आहे, म्हणजे एखादी गोष्ट माणसामाणसांतून कशी पसरते त्याचं गणित. खरं जाळं उदाहरणादाखल हवं होतं, सगळे वापरतात ते ईमेल आणि विमानमार्गांचे डेटासेट नको होते. त्या शोधात मी इथे येऊन पडले.

या सगळ्याच्या मुळाशी ज्याचं नाव पहिलं घेतलं जातं तो रे जॉन्सन. जन्म १९२७, डेट्रॉइट. न्यूयॉर्कला राहून हा गृहस्थ पन्नासच्या दशकापासून ओळखीच्या आणि अनोळखी लोकांना पत्रं पाठवत असे. आत कात्रणं, ससा म्हणता येईल असं लांब नाकाचं एक डोकं, त्याखाली कोणाचं तरी नाव. आणि एक सूचना: यात भर घाला आणि रे जॉन्सनला परत पाठवा. कधी सूचना वेगळी असे: हे अमुक तमुकला पाठवा. तो अमुक तमुक तुम्हाला माहीत असेलच असं नाही, म्हणजे पत्राच्या निमित्ताने दोन अनोळखी माणसं एकमेकांना गाठायची आणि रे मधून निसटायचा.

१९६२ मध्ये त्याच्या एका पत्रमित्राने, एडवर्ड प्लंकेटने, या प्रकाराला 'न्यूयॉर्क पत्रव्यवहार शाळा' असं भारदस्त नाव दिलं. आपल्याकडे पत्रद्वारा अभ्यासक्रम असतात ना, तशा कला शिकवणाऱ्या पत्रद्वारा शाळांच्या जाहिराती तेव्हा अमेरिकेत चालायच्या, त्यांची ही टर. शिवाय न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या नामांकित चित्रकारांच्या गटालाही 'न्यूयॉर्क स्कूल' म्हणत, त्यांचीही. जॉन्सनने त्यावर आणखी एक कडी केली. 'करस्पॉन्डन्स' या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर मुद्दाम बदललं, त्यामुळे शब्दाच्या शेवटी 'डान्स' दिसायला लागलं. पत्रव्यवहार नव्हे, पत्रनाच. १९७० मध्ये व्हिटनी म्युझियममध्ये या शाळेचं प्रदर्शन झालं तेव्हा त्याने आपल्या पत्रमित्रांना पत्रं म्युझियमकडे पाठवायला सांगितली आणि त्यांनी पाठवलेलं तिथे लागलं. १९७३ मध्ये तर त्याने न्यूयॉर्क टाइम्सच्या मृत्युलेख विभागाला पत्र लिहून शाळेचं निधन झाल्याचं कळवलं. पेपरने अर्थातच छापलं नाही. मग शाळेचा पुनर्जन्म झाला, या खेपेस 'बुद्ध युनिव्हर्सिटी' म्हणून.

माझी आजी हे ऐकून म्हणाली, "म्हणजे संतोषी मातेच्या कार्डासारखंच की!" तुमच्या घरी विचारा, आई-आजीला नक्की आठवेल. अमुक इतक्या जणांना हे पत्र लिहून पाठवा, अमक्याने पाठवलं त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडलं त्याचं वाटोळं झालं. आजीचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर नाही, पण सत्तर टक्के आहे. दोन्हीकडे पत्र मिळालेला माणूस पुढचा प्रेषक होतो. फरक त्याला ढकलणाऱ्या गोष्टीत आहे: तिथे धास्ती, इथे मजा. आणि प्रसाराच्या भाषेत आणखी एक मोठा फरक. धास्तीच्या पत्राची नक्कल शब्दशः करायची असते, म्हणून ते सगळीकडे सारखंच राहतं. मजेच्या पत्रात प्रत्येकाने भर घालायचीच असते, म्हणून पाचव्या हातात पोचेपर्यंत ते ओळखू येत नाही. आता अशा गोष्टीचा माग काढायचा कसा? कारण "तेच पत्र" कुठलं, हेच ठरवता येत नाही.

पुढे सत्तरच्या दशकात टपालकलेची प्रदर्शनं सुरू झाली आणि हळूहळू काही अलिखित नियम रुळले. परीक्षक नाहीत. प्रवेश फी नाही. आलेलं सगळं लावायचं. वस्तू परत मिळणार नाही. आणि सहभागी झालेल्या प्रत्येकाला आयोजकाने सगळ्या सहभागींची यादी, बहुधा पत्त्यांसकट, पाठवायचीच. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, माझी फजिती तिथेच आहे. हे नियम लोक किती मनावर घेत याचं उदाहरण म्हणजे १९८४ चं न्यूयॉर्कमधलं फ्रँकलिन फर्नेस या संस्थेतलं प्रदर्शन. तिथे आलेल्या वस्तूंमधून निवड केली गेली, सगळं लावलं नाही, तर एवढा गहजब झाला की उघडी निषेधपत्रं फिरली. बाहेरच्याला वाटेल, निवड केली तर काय बिघडलं? पण ज्या खेळात हरणं-जिंकणं नाही, त्यात पंच आणून बसवल्यासारखं झालं ते.

ओसाकाचे र्‍योसुके कोहेन यांनी १९८५ पासून चालवलेला 'ब्रेन सेल' मला सगळ्यात आवडतो. तुम्ही त्यांना आपला शिक्का, स्टिकर, छोटं चित्र पाठवायचं. असे बऱ्याच लोकांचे तुकडे ते एका मोठ्या कागदावर एकत्र छापतात आणि तो कागद त्या अंकात भाग घेतलेल्या प्रत्येकाला पाठवतात, सोबत पत्त्यांची यादी. हजारच्या वर अंक निघालेत. कागद हातात घेतला तर गर्दी दिसते, एकावर एक चढलेली. तुमचा शिक्का सापडायलाच पाच मिनिटं लागतात म्हणे, आणि तोवर तुम्ही बाकीच्या सगळ्यांचे पाहून झालेले असता. पोलंडच्या पावेल पेताशने १९७७ मध्ये सुरू केलेल्या 'कॉमनप्रेस' मासिकाची गंमत वेगळी: प्रत्येक अंकाचा संपादक नवा, विषय नवा, देशही नवा. अर्थशास्त्र शिकलेला फ्रेंच कलाकार रोबेर फिलिऊ याने अशा देवाणघेवाणीला 'शाश्वत जाळं' म्हटलं होतं आणि टपालकलावाल्यांनी ते नाव उचललं.

आता माझी फजिती.

मी काय केलं, जुन्या प्रदर्शनांच्या सहभागी-याद्या गोळा केल्या. छापील पुस्तिका, स्कॅन केलेली पानं, जे मिळेल ते. नावं टाइप केली. मग जाळं बांधलं: दोन माणसं एकाच यादीत असतील तर त्यांच्यात एक रेघ. तीन महिने गेले यात. जाळं दिसायला फार देखणं आलं, दाट, गुंतलेलं. क्लस्टरिंग तर विचारूच नका. क्लस्टरिंग म्हणजे तुमच्या दोन मित्रांची आपसातही मैत्री असण्याचं प्रमाण. ते एकच्या जवळ असेल तर जवळजवळ सगळे एकमेकांना ओळखतात. माझं अगदी एकच्या जवळ आलं. मी सेमिनारमध्ये आत्मविश्वासाने स्लाइड लावली: टपालकलेचं जाळं हे अत्यंत घट्ट विणलेला समुदाय आहे.

गाइड मॅडम शांतपणे म्हणाल्या, "या दोघांनी एकमेकांना कधी पत्र लिहिलं होतं का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. खरं म्हणजे माहीत होतं, म्हणूनच घशाला कोरड पडली.

हिशोब बघा. समजा एका प्रदर्शनात २०० जणांनी भाग घेतला. प्रत्येकाने एक पाकीट आयोजकाला पाठवलं. म्हणजे खरोखर घडलेले संबंध २००, सगळे एका माणसाकडे जाणारे, चाकाच्या आऱ्यांसारखे. मी मात्र यादीतल्या प्रत्येक जोडीत रेघ मारली: २०० गुणिले १९९ भागिले २, म्हणजे १९,९००. दोनशे खऱ्या रेघांच्या जागी जवळपास वीस हजार काल्पनिक! आणि क्लस्टरिंग? आऱ्यांच्या चाकात ते शून्य असतं, कारण आरे एकमेकांना भिडत नाहीत. मी बांधलेल्या आकृतीत ते एक असणारच होतं, यादीत कोणाचीही नावं टाकली तरी. लोकलच्या एका डब्यातल्या प्रवाशांची यादी घेतली असती तरी "घट्ट विणलेला समुदाय" निघाला असता. म्हणजे मी जो शोध म्हणून मांडत होते तो माझ्याच बांधणीचा गुण होता, त्या माणसांचा नव्हे.

तुमच्यापैकी जे समान-लेखक, समान-औषध, समान-जनुक असल्या याद्यांवरून जाळी बांधणार असाल, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. सॉफ्टवेअर एका ओळीत असं जाळं बांधून देतं, आणि कुठलीही चूक दाखवत नाही. कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. आता मी दोन प्रकारचे बिंदू ठेवते, माणसं वेगळी आणि प्रदर्शनं वेगळी, रेघ फक्त माणूस ते प्रदर्शन. आकृती विरळ आणि कंटाळवाणी दिसते. पण ती खोटं बोलत नाही.

मात्र मॅडमशी थोडा वाद घालायची माझी इच्छा अजून आहे. आयोजकाने पत्त्यांची यादी सगळ्यांना पाठवली, म्हणजे त्या १९,९०० जोड्यांना एकमेकांशी बोलायचा रस्ता मिळाला. वापरला किती जणांनी, ते यादी सांगत नाही. घडलेला संबंध आणि घडू शकणारा संबंध, दोन्ही खरे आहेत, फक्त एकाच आकड्यात मिसळायचे नाहीत. बहुतेक पुढचं प्रकरण यावरच होईल. बघू.

मग प्रश्न उरतो प्रत्यक्ष पत्रांचा माग काढण्याचा. आणि इथे एक योगायोग फार सुंदर आहे. ज्या वर्षांत जॉन्सनची पत्रं हातोहात फिरत होती, त्याच वर्षांत अमेरिकेतच स्टॅन्ली मिलग्रॅम हा मानसशास्त्रज्ञही टपालाचाच खेळ मांडून बसला होता, संशोधन म्हणून. १९६७ मध्ये त्याने 'छोटं जग' या कल्पनेवर लिहिलं आणि १९६९ मध्ये जेफ्री ट्रॅव्हर्सबरोबर सविस्तर निबंध छापला. नेब्रास्का आणि बॉस्टनमधल्या २९६ लोकांना सांगितलं: बॉस्टनला काम करणारा एक शेअर दलाल आहे, हे पाकीट त्याच्यापर्यंत पोचवा, पण थेट नाही. तुमच्या व्यक्तिगत ओळखीच्या अशा माणसाला पाठवा जो त्याच्या जास्त जवळ असेल. २९६ पैकी २१७ जणांनी निदान पुढे पाठवलं. ६४ पाकिटं पोचली. पोचलेल्या साखळ्यांत मध्ये सरासरी ५.२ माणसं. "सहा पायऱ्यांचं अंतर" म्हणतात ते इथून आलं, मात्र तो शब्दप्रयोग रूढ झाला १९९० च्या जॉन ग्वेरच्या नाटकामुळे.

आता विद्यार्थी म्हणून त्या आकड्याकडे बघा. ५.२ ही सरासरी कोणाची? पोचलेल्या ६४ ची. उरलेल्या २३२ चं काय?

समजा प्रत्येक हातात पाकीट अडकून राहण्याची शक्यता २५ टक्के आहे (आकडा माझा, उदाहरणापुरता). १०० साखळ्या अशा, ज्यांना खरं तर ३ टप्पे लागतात, आणि १०० अशा ज्यांना ८ लागतात. खरी सरासरी ५.५ टप्पे. तीन टप्प्यांच्या साखळ्यांपैकी पोचतील ०.७५ चा घन, म्हणजे साधारण ४२. आठ टप्प्यांच्या फक्त १०. पोचलेल्या ५२ ची सरासरी काढा: सुमारे ४. जग प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा छोटं दिसायला लागलं, आणि कोणीही लबाडी केलेली नाही. लांब साखळ्या वाटेत मरतात आणि मेलेल्या साखळ्या सरासरीत येत नाहीत, एवढंच.

मिलग्रॅमच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पाकिटात त्याने जोड-कार्डं ठेवली होती. पाकीट पुढे पाठवताना प्रत्येकाने एक कार्ड संशोधकांकडे टाकायचं. त्यामुळे साखळी तुटली तरी कुठे तुटली ते कळत होतं. शिवाय पाकिटातल्या यादीत प्रत्येकाने आपलं नाव लिहायचं, म्हणजे पाकीट गोल फिरून त्याच माणसाकडे येत नाही. जॉन्सनकडे असं काही नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं. त्याला मोजायचं नव्हतं, खेळायचं होतं. पण आज जो कोणी त्याच्या पत्रांवर संशोधन करतो, त्याच्यासमोर फक्त परत आलेली किंवा कोणीतरी जपून ठेवलेली पत्रंच असतात.

मी स्वतः करून पाहिलं. सेमिनारनंतर आठ दिवस कॉम्प्युटर उघडावासा वाटत नव्हता, तेव्हा १२ पोस्टकार्डं आणली. पन्नास पैशांचं साधं कार्ड, एकूण खर्च सहा रुपये, यासाठी कुठलीही फेलोशिप लागत नाही. प्रत्येकावर एक अर्धवट चित्र काढलं आणि लिहिलं: भर घाला, परत करा. मित्रमैत्रिणींना, एक आतेभावाला, एक जुन्या बाईंना. परत आली ५. मी लगेच निष्कर्ष काढला की ७ जणांना रस नव्हता. मग फोन केले. दोघं खरोखर विसरले होते. दोघांना सूचना कळलीच नव्हती. एकाने भर घातली, पण लाल पेटीच शोधतोय. आणि उरलेल्या दोघांना कार्ड इतकं आवडलं की परत करवेना. बाईंनी ते काचेच्या कपाटात लावलंय. म्हणजे माझ्या हातात आलेली पाच कार्डं सर्वांत यशस्वी होती असं नव्हे. सर्वांत यशस्वी दोन परत आलीच नाहीत! मिलग्रॅमच्या उदाहरणात न आलेलं म्हणजे मेलेलं, असं धरून चाललं होतं. इथे न आलेलं म्हणजे कधी विसरलेलं तर कधी जपलेलं, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. 'मिसिंग डेटा' नावाचं प्रकरण मी रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला पाठ करून लिहिलं होतं. कळलं ते बाईंच्या कपाटासमोर.

इथवर सगळं खेळीमेळीचं वाटलं असेल. पण या जाळ्यातली काही पत्रं मोजताना माझा हात थांबला.

उरुग्वेमध्ये लष्करी राजवट असताना क्लेमेंते पादीन आणि होर्हे काराबाल्यो हे दोन टपालकलाकार राजवटीवर टीका करणारी तिकिटं आणि कार्डं पाठवत. १९७७ मध्ये दोघांना अटक झाली. वेगवेगळ्या देशांतल्या पत्रमित्रांनी त्यांच्या सुटकेसाठी पत्रांची मोहीम चालवली. ज्या जाळ्यात काल ससे आणि शिक्के फिरत होते, त्यातूनच आता निवेदनं फिरायला लागली. ब्राझीलच्या रेसिफेमध्ये १९७६ ला पाउलो ब्रुस्की आणि दानिएल सांतियागो यांनी टपालकलेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन चक्क पोस्टाच्या इमारतीत भरवलं. ते उघडताच बंद पाडण्यात आलं आणि दोघांना कोठडीत टाकलं. बुडापेस्टमध्ये ग्यॉर्गी गालांताई याने जानेवारी १९८४ मध्ये 'हंगेरी तुमची होऊ शकते' नावाचं प्रदर्शन मांडलं. ते 'कॉमनप्रेस'च्या ५१ व्या अंकासाठी होतं. तेही बंदीच्या कचाट्यात सापडलं आणि अंक छापून यायला १९८९ उजाडावं लागलं.

गालांताईवर गुप्त पोलिसांनी फाइल ठेवली होती, तिचं सांकेतिक नाव 'चित्रकार'. राजवट बदलल्यावर ती त्याच्या हाती आली. त्यात खबऱ्याने प्रदर्शनातल्या वस्तूंची तपशीलवार वर्णनं लिहून ठेवलेली आहेत. आणि गालांताईने काय करावं? त्याने आणि युलिया क्लानित्साईने १९७९ मध्ये उभ्या केलेल्या 'आर्टपूल' या संग्रहाने ते अहवाल सगळ्यांना वाचायला ठेवले. म्हणजे जे प्रदर्शन लोकांना नीट बघू दिलं नाही, त्याची बारकाईने नोंद केली ती पाळत ठेवणाऱ्यानेच. संशोधक म्हणून अशी नोंद वापरायची की नाही? मी वापरते, पण तिला "स्रोत" म्हणताना प्रत्येक वेळी अडखळते. खबऱ्या ज्याकडे संशयाने बघत होता तेच त्याने लिहिलं. नुसतं मजेदार होतं ते त्याने कशाला टिपावं?

म्हणूनच पत्त्यांच्या याद्यांचा प्रश्न मला आता साधा वाटत नाही. त्या याद्यांत खरी नावं, खरे घरपत्ते आहेत. त्यातली बरीच माणसं आज हयात असतील, त्याच घरात राहत असतील. त्यांनी तो पत्ता दोनशे पत्रमित्रांना दिला होता, माझ्या सर्व्हरला नव्हे. यादी जुनी आहे, छापील आहे, म्हणून ती डेटासेटमध्ये टाकून जगाला खुली करायची, असं नाही होत. मी घरक्रमांक आणि रस्ता काढून टाकते, गाव ठेवते. आपल्या पिन कोडवरून ही कल्पना चांगली समजते. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, जे संस्कृतचेही पंडित होते, आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. सहा आकड्यांपैकी पहिले तीन टपालाची वर्गवारी होणारा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. ४११ एवढंच ठेवलं तर माणूस पुण्याचा आहे हे कळतं, कुठल्या पेठेतला ते कळत नाही. प्रसाराच्या गणिताला तेवढं पुरतं. नीतिविषयक समितीचा फॉर्म भरताना हा एक परिच्छेद लिहिला होता, आणि पूर्ण फॉर्ममध्ये मला मनापासून पटलेला तोच एक होता.

पुढच्या खेपेची २० कार्डं मी तयार केली आहेत. या वेळी मिलग्रॅमची युक्ती उचलली आहे: प्रत्येकाबरोबर एक दुसरं कोरं जोड-कार्ड, माझा पत्ता आधीच लिहिलेलं, त्यावर चार चौकटी. भर घालून पुढे पाठवलं. विसरलो होतो. कळलं नाही. आवडलं, ठेवून घेतलं. खूण करायची आणि टाकायचं. अर्थात हे जोड-कार्डही कोणी ठेवून घेऊ शकतं. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यासाठी तिसरं कार्ड लावू नकोस." आणि मग, "एक मलाही पाठव."